वहिनींचे लेप आणि ओले काजूगर

जे आज लिहायला बसलो आहे, ते सांगायचं मी चौतीस वर्षं टाळलं. कारणं पुष्कळ होती आणि त्यातलं एकही धड नव्हतं. आधी वाटलं, चार दिवसांत सगळं शांत होईल, मग सांगू. शांत झालं तेव्हा वाटलं, आता कशाला खपली काढा. पुढे ज्यांना सांगायचं त्या म्हाताऱ्या झाल्या, आणि म्हाताऱ्या माणसाला त्रास कशाला द्या, अशी मी स्वतःची समजूत घातली. आता मीच शहात्तर वर्षांचा आहे. एका निर्दोष बाईला आमच्या वाडीने दोषी ठरवलं आणि ती तशीच गेली. दोष माझा होता. तो कसा होता ते कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच आता मला हवं आहे.

फाल्गुन लागला की मला घरात बसवत नाही. पडवीत येतो, अंगणात जातो, परत आत येतो, तहान नसताना पाणी पितो. सून म्हणते, "बाबा, टेका हो जरा एका जागी. तुमच्याकडे बघून मलाच धाप लागते." तिला काय सांगणार? हवेत काजूच्या बोंडांचा वास असतो. गोडसर, आंबूस, जरा कुजका. तो वास परसातून येतो, रस्त्यावरून येतो, एसटीच्या खिडकीतून येतो. रत्नागिरीच्या बाजारात बायका पानांवर ओल्या काजूगरांचे वाटे मांडून बसलेल्या असतात. ते दुधाळ पांढरे, किंचित गुलाबी साल राहिलेले गर दिसले की मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. आमच्या घरात सगळ्यांना वाटतं की मला काजूगर आवडत नाहीत. घरात उसळ झाली की सून माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी करते. बिचारी न विसरता करते. तिला ठाऊक नाही की एके काळी मला त्याहून प्रिय असं ताटात दुसरं काही नव्हतं.

यंदा आणखी एक झालं. माझी नात ईशा सोळा वर्षांची आहे. तिच्या कपाळावर, गालांवर मुरमं उठली आहेत आणि ती दिवसातून दहा वेळा आरशापुढे उभी राहते. परवा सकाळी बघतो तर वाटीत बेसन, दही, मध कालवलेलं, डब्याला टेकून मोबाइल उभा केलेला, आणि मोबाइलमधली बाई सांगेल तसं हिने लिंबू पिळायला घेतलेलं. चमचाभर लेप बोटावर घेऊन ती गालाला लावणार, तेवढ्यात मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने ओरडलो की सून स्वयंपाकघरातून धावत आली.

"थांब! लिंबू टाक आधी ते. आणि पहिल्यांदा कानामागे लाव. एक रात्र जाऊ दे."

"आजोबा, ही म्हणते दहा मिनिटांत फरक दिसतो."

"तिला दिसू दे. तोंड तुझं आहे."

ईशा हसली, पण तिने लिंबू बाजूला ठेवलं आणि कानामागे बोट टेकलं. "हे कानामागचं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"वहिनींनी," मी म्हणालो, आणि चप्पल न घालता अंगणात आलो. जांभ्याचे चिरे तापलेले होते. पाय भाजत असतानाही मी बराच वेळ तिथे उभा होतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. अण्णा मालवाहू बोटीवर खलाशी होता. वर्षातले नऊ महिने पाण्यावर. एकदा आजारी होऊन घरी आला तो त्या दुखण्यातून उठला नाही. वहिनींना मूल नव्हतं. माहेरी जाण्याऐवजी त्या आमच्याकडेच राहिल्या, आणि राहिल्या म्हणजे घर त्यांनीच चालवलं. माझी बायको त्यांना विचारल्याशिवाय मिठाची बरणी हलवत नसे. माझी नोकरी मोजणी खात्यात. आठवडा आठवडा मी साखळी आणि नकाशे घेऊन लोकांचे बांध मोजत हिंडत असे. दगडी कुंपणाचा गडगा तुझा की माझा यावरून भांडणाऱ्या भावाभावांचे जबाब मी लिहून घेतले, खाली सह्या घेतल्या. खरं काय ते कागदावर आणणं हाच माझा धंदा होता, असं म्हटलं तरी चालेल.

वहिनींचे वडील गावचे वैद्य. त्यांच्या हाताखाली राहून ही मुलगी मुळ्या ओळखायला शिकली. मोठ्या आजाराला त्या कधी हात घालत नसत. "ते डॉक्टरचं काम," म्हणायच्या. त्यांचं काम कातडीपुरतं. टाचेच्या भेगांना कोकमाचं तेल, घामोळ्यांना वाळा, उन्हाने रापलेल्या तोंडाला नारळाच्या दुधात कालवलेलं मसुराचं पीठ. आणि मुरमांना लेप. वाडीतल्या वयात आलेल्या पोरी एकेक करून त्यांच्याकडे यायच्या. आधी आईबरोबर, मग एकट्या, मग दोघी-तिघी मिळून हसत-खिदळत.

लेप रोज ताजा उगाळायचा, ही त्यांची अट. आमची सहाण बिनपायांची होती. काळ्या दगडाची, ताटलीएवढी, दोन्ही बाजूंनी सपाट. सकाळी आंघोळ करून एका बाजूवर त्या देवासाठी चंदन उगाळायच्या. पूजा झाली की सहाण धुऊन उलटी करायच्या आणि म्हणायच्या, "देव झाले. आता पोरी." दुसऱ्या बाजूवर मग जायफळ, आंबेहळद, रक्तचंदन, मंजिष्ठा. देवाच्या बाजूला औषध लागू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम घरातल्या लहान मुलांनाही पाठ होता. मोजमाप वळशांचं. जायफळाचे सात वळसे, आंबेहळदीचे वीस, रक्तचंदनाचे रंग येईपर्यंत. वळसे मोजताना ओठ हलायचे आणि तेव्हा कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. नव्या मुलीला पहिल्या दिवशी लेप फक्त कानामागे लावायचा आणि घरी पाठवायचं. दुसऱ्या दिवशी ती आली, कान बघितला, कातडी शांत असली, की मगच तोंडाला. त्याच्यावर आणखी पथ्य.

"सुकी मासळी पंधरा दिवस बंद."

"काकू, त्यापेक्षा मुरमं परवडली!" एक पोर म्हणाली होती.

"मग मुरमांना घेऊन बस बांगडे भाजत," वहिनी म्हणाल्या, आणि पडवीतल्या साऱ्या जणी फुटल्या.

ती पोर म्हणजे नंदा. गडग्यापलीकडचं घर तिचं. अठरा वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तोंडावर मुरमं एवढी की त्यांच्यावर मुरमं. ती ओढणी नाकापर्यंत बांधून एसटीला उभी राहायची, आणि उन्हापासून बांधते असं सांगायची. पावसाळ्यातही बांधायची. कोणी नाव विचारलं तरी खाली बघून सांगायची. वहिनींकडे मात्र तिची जीभ सुटायची. पौषात लेप सुरू झाले. माघ सरता सरता तिचा एक गाल पुरता निवळला होता. एका सकाळी ती ओढणी खांद्यावर टाकून, उघड्या तोंडाने आमच्या अंगणातून एसटीकडे गेली. वहिनी तुळशीपाशी उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. तो त्यांचा चेहरा मी बघितला आहे. स्वतःचं मूल पहिल्यांदा चालताना बघावं तसा होता. मला त्यांच्या आनंदाविषयी एवढंच सांगता येतं. 

शिमग्याचे दिवस होते. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. पालखी वरच्या वाडीत आली होती आणि वहिनी दुपारी तिकडे गेल्या. मला सुट्टी. दोन दिवसांपूर्वी जेवताना त्या म्हणाल्या होत्या, "यंदा काजूगर तोंडात पडले नाहीत अजून. डोळे मिटायच्या आधी एकदा पोटभर खाईन म्हणते." तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या आणि डोळे मिटायची भाषा दर चौथ्या वाक्याला करायच्या. मी ठरवलं, त्या परत यायच्या आत गर सोलून ठेवायचे.

परसातल्या काजूच्या झाडांवरून टोपलीभर हिरव्या बिया उतरवल्या. ज्याने ओला काजू फोडला आहे त्याला माहीत असतं, की ते काम नाजूक आहे आणि दुष्ट आहे. बी कशावर तरी ठेवायची, सुरीने उभी चिरायची आणि आतला गर काडीने अलगद उचलायचा. चिरताना सालीतून चीक उडतो. तो लागला की बोटं काळी पडतात, आठवड्याने सोलून निघतात. नाजूक जागी लागला तर भाजतो. हाताला खोबरेल चोपडून बसतात ते त्यासाठी. आदल्या वर्षी मी लाकडी पाटावर बिया फोडल्या होत्या आणि पाटावर पडलेले काळे डाग घासूनही गेले नव्हते. वहिनींनी महिनाभर ऐकवलं होतं. घरामागचा धुण्याचा दगड उन्हात रसरसत होता. पडवीच्या कोपऱ्यात सहाण होती.

मी सहाण घेतली. वर चंदनाची बाजू होती. पांढुरकी साय अजून दिसत होती. देवाच्या बाजूवर चीक सांडणं बरं नव्हे, म्हणून मी ती उलटी केली.

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा मनात म्हटलं असेल! मी देवाची बाजू सांभाळली. मला ते सुचलं, त्याबद्दल मला जरा बरंही वाटलं. आमच्याकडचा कोणीही माणूस त्या जागी हेच करता. देवाची बाजू खाली घातली, आणि पोरींच्या तोंडाची बाजू वर घेऊन तिच्यावर शंभरेक बिया चिरल्या.

नंतर राख आणि काथ्या घेऊन ती घासली, पाण्याने धुतली, पुसली, होती तशी ठेवली. काळ्या दगडावर काळा चीक दिसत नाही. पाण्याने तर तो जातच नाही, तो तेलाचा सख्खा भाऊ. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. डोक्यात आलं नाही. दोन्हींत काय फरक आहे ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दिवेलागणीला वहिनी आल्या. पातेलं बघून दारातच थबकल्या.

"अगो बाई! भावजी, हे तुम्ही सोललंत?"

"मग काय आभाळातून पडले?"

"कशावर फोडलंत? पाट नाही ना काळा केलात पुन्हा?"

"नाही हो. मागच्या दगडावर."

सहाण घेतली म्हटलं असतं तर ओरडल्या असत्या. त्यांच्या वस्तूला हात लावलेला त्यांना चालत नसे. शिमग्याच्या सणाला बोलणी कोण खाणार? म्हणून मी दोन शब्दांचं खोटं बोललो. त्यात कोणाचं काही जात नव्हतं. "एवढ्या उन्हात बसलात? वेडेच आहात," असं म्हणत त्यांनी माझी बोटं हातात घेतली आणि खोबरेल लावून दिलं. उसळीत ओलं खोबरं सढळ होतं. त्या दोनदा वाढून घेऊन जेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देव झाले. मग पोरी. सणामुळे नंदा एकटीच आली. मी पडवीत दाढी करत होतो. सहाणेचा घसघस आवाज ऐकत होतो. आरशात मला वहिनींचे हलणारे ओठ दिसत होते. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. लेप लावून नंदा पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायची. "काकू, चुरचुरतंय जरा." "नवी आंबेहळद आहे गो, म्हणून असेल. धुऊन टाक लगेच." धुतलं तिने. वहिनींनी स्वतः कळशी आणून दिली.

तिसऱ्या दिवशी नंदा आली नाही. चौथ्या दिवशी तिची आई आली.

ती गडग्यापलीकडे उभी राहिली आणि तिथूनच बोलली. वाडीला ऐकू जावं म्हणूनच ती आत आली नाही. "काय केलंस गो माझ्या पोरीच्या तोंडाचं? फोड आलेत मोठमोठे! एक डोळा उघडत नाही तिचा! डॉक्टर म्हणतो भाजलंय. काय लावलंस तिला?"

वहिनी अंगणात आल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं. "काय सांगतेस? मी बघते तिला, चल."

"पाऊल टाकू नको माझ्या दारात! वैद्याची लेक म्हणून मिरवलीस इतकी वर्षं. स्वतःला मूल नाही ना, तुला काय कळायचं मुलीच्या तोंडाचं मोल!"

वहिनींनी हाताचं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "माझं चुकलंच असणार गो. पण काय चुकलं ते मला कळू दे."

"कळून काय करतेस? तोंड परत देतेस?"

मी पडवीत उभा होतो. 'भाजलंय' हा शब्द ऐकला आणि माझी नजर माझ्या बोटांवर गेली. ती काळी पडून सोलत होती. आतली लाल कातडी दिसत होती. त्याच क्षणी सगळं कळलं. मी हात पाठीमागे घेतले.

तेव्हा दोन पावलं पुढे जाऊन बोललो असतो तर काय झालं असतं? नंदाच्या आईने मला शिव्या दिल्या असत्या. वहिनी चार दिवस बोलल्या नसत्या. दवाखान्याला धावाधाव मी केली असती. एवढंच. तुरुंग नव्हता, फाशी नव्हती. तरी मी पाठीमागे हात धरून उभा राहिलो. पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की काजूगर मी त्यांच्याच हौसेसाठी फोडले होते, हे कळलं असतं तर वहिनींनी आपल्याच जिभेला दोष दिला असता, म्हणून मी गप्प बसलो. ऐकायला हे बरं वाटतं. म्हणूनच मला त्याची शंका येते.

त्या दुपारी वहिनी नंदाच्या दारापर्यंत गेल्याच. दार उघडलं नाही. तेवढ्या वेळात मी काय केलं? विहिरीमागे बसून सहाण रॉकेल आणि वाळूने घासली. बोटांतून रक्त येईपर्यंत घासली. मोजणीच्या कामात असली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. रात्रीतून हद्दीचा दगड हलवायचा आणि सकाळी पंचांपुढे भोळं तोंड करून उभं राहायचं. त्यांची मला चीड यायची.

संध्याकाळी वहिनींनी सगळ्या बरण्या काढून कागदावर ओळीने मांडल्या. एकेक मुळी हुंगली, चाखली, थुंकली. जेवायला उठल्या नाहीत.

"भावजी, माझं काय चुकलं असेल हो? जायफळ तेच. हळद आपल्या परसातली. कानामागे लावून बघितलं होतं मी, तुमच्यासमोर लावलं होतं ना?"

मला काहीतरी बोलणं भाग होतं. "मंजिष्ठा जुनी असेल, वहिनी. बुरशी धरते कधी कधी."

त्यांनी मंजिष्ठेचा तुकडा उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला. "वास तर चांगला येतोय. पण असेल. मी नीट बघायला हवं होतं." माझं पहिलं खोटं फुटकळ होतं, नाइलाजाचं म्हणा. हे दुसरं मी विचार करून दिलं. त्यांनी ते औषधासारखं घेतलं.

नंदा पावसाळ्यापर्यंत घराबाहेर पडली नाही. त्या वर्षीची परीक्षा बुडाली. फोड गेले, डाग राहिले. डावा गाल आणि कपाळाची एक बाजू, सावली पडल्यासारखी. आमच्या पडवीत पोरी यायच्या थांबल्या. कोणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्याकडे तोंडावर बोलत नाहीत. पुढच्या वैशाखात वाडीत लग्न होतं. हळद कांडून, गाळून द्यायचं काम वर्षानुवर्षं वहिनींचं. त्या पदर खोचून उखळाशी बसायला गेल्या, तर यजमानीण धावत आली. "वहिनी, तुम्ही बसा हो. दमला असाल. ह्या मुली करतील." वहिनी बसल्या. पदर खोचलेलाच राहिला होता. घरी येईपर्यंत त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

रोज सकाळी देव होत. "देव झाले," एवढंच त्या म्हणत. पुढचे दोन शब्द मी त्यानंतर कधी ऐकले नाहीत.

आणि दर फाल्गुनात एकदा, कधी भांडी लावताना, कधी वाती वळताना, तो प्रश्न येई. "भावजी, माझं काय चुकलं असेल हो?" आवाज तक्रारीचा नसे. हरवलेली किल्ली शोधावी तशा त्या शोधत. कधी म्हणत, वळसे मोजताना चुकले असेन. कधी म्हणत, कळशीतलं पाणी खराब असेल. बत्तीस फाल्गुन. मी कधी "जाऊ द्या हो" म्हटलं, कधी "तुमचं काही नाही चुकलं" म्हटलं. काजूगर खायचं मी त्या वर्षीपासून सोडलं. त्यांना वाटलं, नंदाचं दुःख मलाही आहे म्हणून.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. गेल्या वर्षी मी खेडला गेलो. नंदाने पुढे लोट्याला एका कारखान्यात पॅकिंगचं काम केलं, कंपनीच्या बसने जा-ये करत. उशिरा लग्न झालं. आता खेडात तिचं वह्या-पुस्तकांचं लहान दुकान आहे. वय पन्नाशी ओलांडलेलं, केस पिकलेले. मला बघून ती हसली.

"मोजणीवाले काका! आमच्या हद्दीत कसे काय?"

कोकम सरबत दिलं. मी तिच्या गालाकडे बघायचं टाळत होतो, त्यावरूनच तिला कळलं असावं. "आता फारसं दिसत नाही," ती म्हणाली. "आणि दिसलं तरी गिऱ्हाईक वह्या बघायला येतं."

"नंदा, वहिनींबद्दल बोलायचं होतं."

"काकूंबद्दल?" ती खुर्ची ओढून बसली. "माझ्या लग्नात आल्या होत्या त्या. आत नाही आल्या. मांडवाच्या खांबाला धरून उभ्या. मीच गेले, पाया पडले. रडल्या हो फार. मी सांगितलं त्यांना, काकू, मी विसरले. माफ केलं मी त्यांना तेव्हाच. माणसाच्या हातून होते चूक."

ती हे अगदी चांगल्या मनाने बोलली. जिने काही केलं नव्हतं तिला माफी मिळाली होती, आणि ती तिने रडत घेतली होती. मी दुसरा पेला प्यालो. एसटीची वेळ झाली म्हणालो. वेळ झालेली नव्हती. जगबुडी नदीच्या पुलावर जाऊन तासभर पाण्याकडे बघत उभा राहिलो आणि मग घरी आलो.

हा लेख छापला गेला तर त्याची प्रत मी नंदाला पाठवणार आहे. नाही छापला तर हेच कागद पाठवीन. तिची आई नव्वदीची आहे, ऐकू कमी येतं. नंदा तिला मोठ्याने वाचून दाखवील, अशी माझी विनंती आहे. त्या बाईने गडग्यावरून जे ऐकवलं ते साऱ्या वाडीने ऐकलं होतं. हेही ऐकावं. ईशाला परवा मी सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती म्हणाली, "असं कसं माहीत नाही?" 

आता एकच राहिलं. त्या गेल्या त्या आठवड्यातली एक दुपार. वहिनी अंथरुणाला खिळलेल्या होत्या, पण शुद्धीवर होत्या. घरात आम्ही दोघंच. मी चमच्याने पाणी पाजत होतो. त्यांनी दोन घोट घेतले आणि हात वर करून मला थांबवलं.

"भावजी, त्या पोरीच्या वेळी माझं काय चुकलं असेल हो?"

मी चमचा खाली ठेवला. आता बोलायचंच, असं ठरवून म्हणालो, "वहिनी, तुमचं काहीच चुकलं नव्हतं." हे पहिलं वाक्य. दुसरं तोंडात तयार होतं.

त्या हसल्या. "तुम्ही पहिल्यापासून असेच. सगळी वाडी फिरली, पण तुम्ही माझी बाजू सोडली नाहीत. घरात एक माणूस माझं होतं, म्हणून निभावलं." आणि त्यांनी डोळे मिटले. माझा हात मात्र धरून ठेवला.

त्यानंतर त्या चार दिवस होत्या. चारही दिवस मी उशाशी बसून होतो. ते दुसरं वाक्य मी बोललो नाही. ते असं होतं:

वहिनी, तुमच्या लेपाच्या दगडावर काजू मी फोडले, तुम्हाला खोटं सांगितलं, आणि तुम्ही आयुष्यभर विचारत राहिलात तेव्हा सगळं ठाऊक असून गप्प बसलो. मला क्षमा करा.